यादीत चौथी

सोमवार, ३ नोव्हेंबर

मराठीच्या मॅडम सांगायच्या, लिहायचं तर शुद्ध लिहा. म्हणून शुद्ध लिहायला बसले. पण आज राग इतका आलाय की मध्येच आमचं वडनेरचं निघालं तर निघू दे. इथं कोण तपासून राह्यलं?

नर्सिंगची तिसरी फेरी लागली. माझं नाव नाही. मुजम्मिलभाऊंच्या नेट कॅफेत बसून वरून खाली, खालून वर चार वेळा यादी पाहिली. जसं काही पाहून पाहून नाव उगवणार होतं. मुजम्मिलभाऊ म्हणाले, "तोंड कायले पाडतं वं? अकोल्याची वेटिंग पाह्य ना." अकोल्याच्या कॉलेजात उरलेल्या जागांसाठी आम्ही वेगळा अर्ज दिला होता. ती यादीही आजच लागली. प्रतीक्षा यादी, क्रमांक चार, आणि पुढं माझं पूर्ण नाव.

घरी सांगितलं तर बाबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या रामरावकाकांच्या म्हशीनं मान वळवली. "चार! चार म्हणजे आलंच समज!" बाबांचा आवाज गावाच्या ओळखीचा आहे. ऑटोवर दोन भोंगे लावून ते पुकारत फिरतात. साडीचा सेल असो, डोळ्यांचं शिबिर असो, कोणाची शेळी हरवो की कोणाच्या घरी मयत होवो, वडनेरला सगळं बाबांच्या तोंडूनच कळतं. पण ऑटो बंद केला तरी बाबा बंद होत नाहीत. जेवतानाही बोलतात. माय म्हणते, हा माणूस झोपेत बी अलाउन्स करते.

माय मात्र गप्प होती. तिचं ठरलेलं आहे. मागच्या वर्षी सीईटीत मार्क कमी पडले, वर्ष घरी गेलं. यंदाही नाही झालं तर मामांनी आणलेलं जळगाव जामोदचं स्थळ. मुलाचं कृषी केंद्र आहे. मुलगा वाईट नसेलही. पण मला नर्स व्हायचंय. मी नववीत असताना माय अकरा दिवस दवाखान्यात होती. एक सिस्टर सुई टोचायच्या आधी दर वेळी म्हणायची, "वंदनाताई, आता थोडं दुखेल हं." बाकी कोणालाच मायचं नाव माहीत नव्हतं. त्या सिस्टरसारखं व्हायचं, बस. दुसरं काही मला सुचतच नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बाबांसोबत अकोल्याला जाऊन आले. कॉलेजच्या ऑफिसात एक चष्मेवाले क्लार्क आहेत. कोणाकडे न पाहता बोलतात. म्हणाले, "पंधरापर्यंत तपासणी चालेल, आटपली तर आधीही. सोमवारी सतरापासून फोन लावणं सुरू. जागा सुटली की नंबराप्रमाणे फोन. तीनदा लावतो. उचलला तर त्याच दिवशी पाचच्या आत ओरिजिनल घेऊन इथं उभं राहायचं. नाही उचलला तर पुढचा नंबर. मग रडत यायचं नाही."

बाबा म्हणाले, "साहेब, माह्या फोनची पहिली घंटी पुरी वाजत नाही."

फॉर्मवर नंबर बाबांचा आहे. मुलीचा नंबर फॉर्मवर टाकायचा नाही, हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. याद्या फलकावर लागतात, नंबर कोणाच्याही हाती जातो, मग दिवसभर हाय-हॅलो सुरू. फॉर्म भरणारे मुजम्मिलभाऊ तर स्वतःच्या बहिणीचाही टाकत नाहीत.

येताना बसमध्ये बाबांनी कंडक्टरला, मागच्या सीटवरच्या बाईला आणि एका पोलिसाला सांगितलं की माझी पोरगी चौथी आहे. बाईला वाटलं मी चौथीत आहे. मी खिडकीत तोंड घातलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज लय हसलो.

रामरावकाका दर वर्षी पायी शेगावला जातात. या गुरुवारी निघणार. नांदुरा, मग जलंब, शुक्रवारी संध्याकाळी महाराजांचं दर्शन. बाबा म्हणाले, मी बी येतो, पोरीसाठी मागतो. माय म्हणाली, "माग्याचं असन तं काही सोडा लागते. चहा सोडा." बाबा म्हणाले, "चहा तं डॉक्टरनं बी सोडाले सांगतला. ते थोडीच सोडणं झालं?"

मी भाकरी मोडता मोडता म्हटलं, "बाबा, खरंच काही सोडायचं तर बोलणं सोडा. घरून निघाल्यापासून दर्शन होईपर्यंत एक अक्षर नाही. तुम्ही दोन दिवस गप्प राहिलात ना, तर महाराज स्वतः अकोल्याला जाऊन माझं नाव लावून येतील."

माय हसून हसून ठसकली. रामरावकाका म्हणाले, "गोकुळ अन् गप्प? शेगाव राहू दे, हा नांदुऱ्यापर्यंत पोचत नाही."

बाबा हसले नाहीत. माझ्याकडं पाहून म्हणाले, "हाव. हेच करतो."

मी म्हटलं, अहो मस्करी केली. तर म्हणाले, "तुह्या तोंडून निघालं ना, मंग तेच."

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाबांची तयारी जोरात. बुकिंगवाल्यांना आधीच सांगून झालं, दोन दिवस भोंगा बंद. रामरावकाकांनी नियम समजावले. मौन म्हणजे मौन. खुणा करायच्या नाहीत, आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडूनही बोलवायचं नाही. मनात महाराजांचं नाव अन् पायाखाली रस्ता. बाबा शाळेतल्या मुलासारखी मान हलवत होते.

फोन घरी ठेवावा असं बाबा म्हणत होते. बोलायचंच नाही तर ओझं कायले? माय ऐकेना. रस्त्यानं चक्कर आली, काही झालं, तर? काकांकडं फोनच नाही. मीही म्हटलं, घेऊन जा, कॉलेजचे फोन तर सोमवारपासून. तोवर तुम्ही घरी आलेले असाल. मग बाबांनी फोन पिशवीत टाकला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पहाटे गेले. दारात उभं राहून माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोलले नाहीत.

घर किती मोठं आहे आमचं! आवाज नाही तर नुसतं भांड्याचं खणखण. संध्याकाळी माय म्हणाली, "इतके वर्सं म्हणत आली, चूप बसा, चूप बसा. आता घर खायले उठलं."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मन एकदम हलकं आहे. का ते सांगता येणार नाही. तिकडं बाबा चालताहेत आणि इकडं मला वाटतंय की एक एक पाऊल माझ्याच खात्यात पडून राह्यलं.

सगळी कागदपत्रं फाइलीत क्रमानं लावली. दहावी, बारावी, सीईटी, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, गॅपचं प्रतिज्ञापत्र. झेरॉक्सचे तीन सेट. पांढरा कुर्ता इस्त्री करून ठेवला. न्हायले. दुपारी बाराच्या सुमाराला अंगणात केस वाळवत बसले होते, तेव्हा हायवेनं अकोल्याची एसटी गेली. मी तिला हात केला. ड्रायव्हरला वाटलं बसायचंय, त्यानं गाडी हळू केली! मी पळत आत आले. माय म्हणाली, येडी झाली काय वं?

पुढच्या आठवड्यात बसणारच आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाबा आले. सकाळच्या गाडीनं नांदुऱ्याला उतरले, तिथून ऑटोनं. पायांना फोड, चेहरा काळवंडलेला. मी दारात भाकरतुकडा ओवाळला आणि म्हटलं, चला, आता सोडा मौन. बाबा "पाणी दे," एवढंच म्हणाले. आवाज बसलेला.

सगळी हकीकत रामरावकाकांनीच सांगितली. काकांचा ऊर नुसता भरून आला होता. "मंजू, तुह्या बापानं कमाल केली. नांदुऱ्यात पोट्ट्यांनी ओळखलं, म्हणे भोंगेवाले, एक आवाज होऊन जाऊ द्या. याची पापणी हलली नाही. काल जलंबच्या अलीकडं बारा-साडेबारा झाले असतील, याचा फोन वाजला. एकदा नाही, तीनदा. लागोपाठ. नाव नव्हतं आलं, नुसता नंबर. मी म्हटलं, दे, मी पाहतो. यानं फोन छातीशी धरला अन् चालतच राह्यला. घाम फुटला होता बिचाऱ्याले, पण तोंड उघडलं नाही. याले म्हणते निष्ठा!"

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. बाबांना दिवसाला दहा बिननावाचे फोन येतात, सगळे बुकिंगचे. धंद्याचा फोन बाबांनी माझ्यासाठी सोडला. मी विचारलं, कोणाचा होता? बाबा म्हणाले, "साडीवाला. मेहकरचा."

काका पुढं सांगत होते की दर्शन झाल्यावर बाहेर येऊन बाबांनी आधी त्याच नंबरला फोन लावला. दोन शब्द बोलले आणि पायरीवर मटकन खालीच बसले. अर्धा तास उठेनात. प्रसादालाही आले नाहीत. "पायाले गोळे आले असतीन. पहिल्यांदा चालला ना," काका म्हणाले.

बाबा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. मी गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकायला घेतले तर त्यांनी पाय ओढून घेतले. "तू नको," म्हणाले. मी म्हटलं, आता मीच तर नर्स! तर उशीत तोंड खुपसलं. फार थकलेत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आजपासून फोन सुरू!

सकाळीच बाबांचा फोन मी ताब्यात घेतला. शंभर टक्के चार्जिंग, आवाज फुल. बाबांना म्हटलं, आज ऑटो नका काढू, ऐन वेळी अकोल्याला जावं लागेल. ते म्हणाले, "हो." आजकाल हो आणि नाही यावरच आहेत. मला वाटतं मौनाची सवय लागली.

दिवसभरात सात फोन आले. सातही वेळा मी उडी मारली. डोळ्यांचं शिबिर, लग्नाचा मंडप, बँक, परत बँक. प्रत्येक वेळी बाबा माझ्याकडं पाहायचे आणि मग खाली. त्यांनाही किती टेन्शन आहे बघा.

जुने फोन कोणाकोणाचे आले होते ते पाहायला गेले तर यादी कोरी. बाबा म्हणाले, जागा भरली होती म्हणून पुसली. बाबांना एवढं येतं हे मला माहीत नव्हतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मी म्हटलं, आपण अकोल्याला जाऊन बसू. समोर दिसलं की क्लार्कच्या लक्षात राहतं. बाबा एकदम म्हणाले, "तू नको. मले भोंग्याचा माईक आणाले तिकडं जाचंच हाय. मी विचारतो."

संध्याकाळी आले. माईक आणलाच नाही. शर्टावर धूळ, आणि पॅन्टचे दोन्ही गुडघे मळलेले. मी म्हटलं, पडलात का? म्हणाले, "हाव, पडलो." कॉलेजात काय म्हणाले? "पाहू म्हणतात."

पाहू म्हणजे अजून आशा आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

काल माय आणि बाबा मागच्या अंगणात हळू बोलत होते. मी गेले की थांबले. नंतर माय चुलीपाशी बसून रडत होती. धूर गेला म्हणाली. गॅसवर स्वयंपाक होता.

स्थळाचं असणार. माझं लक्ष नाही. माझं लक्ष फोनवर आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फोन नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मुजम्मिलभाऊ घरी आले होते. ते कधी घरी येत नाहीत, आपणच त्यांच्याकडं जातो. चहा घेतला नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "मंजू, गलती माही हाय. तुहाच नंबर टाकाले पाह्यजे होता."

मी म्हटलं, "काय भाऊ तुम्ही पण! माझा काय अन् बाबांचा काय? फोन रात्रंदिवस माझ्याच हातात आहे. अजून वाजलाच नाही त्याला तुम्ही काय करणार?"

त्यांनी बाबांकडं पाहिलं. बाबा चपलेचा पट्टा नीट करत होते. मुजम्मिलभाऊ म्हणाले, पुढच्या साली तुझा फॉर्म मी स्वतः कॉलेजात नेऊन देईन. मला राग आला. पुढच्या सालाचं आताच कायले बोलता? यादी काय संपली?

बाबांनी आजही ऑटो काढला नाही. तीन जण बुकिंगला येऊन परत गेले. घसा बसला सांगतात. मी हळद-दूध केलं, तसंच ठेवलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

संपलं.

मी कुर्त्याला परत इस्त्री करत होते. दहा-अकरा दिवसांत घडी मोडली होती. बाबा आले, म्हणाले, "मंजू, इस्त्री बंद कर माय." म्हणाले, कॉलेजात फोन लावला होता. यादी तीनवर थांबली. सगळ्या जागा भरल्या.

तीनवर! एक नंबर! फक्त एक!

मी काय काय बोलले ते आठवत नाही. खूप रडले. फाइल फेकली, मायनं एक एक कागद उचलून परत लावला. छाती दुखते. खरंच दुखते, मला वाटायचं लोक उगाच लिहितात. त्या तीन जणी कोण असतील, त्यांच्या घरी आज काय चाललं असेल, हेच डोक्यात फिरतंय. त्यातली एखादी नाही म्हणाली असती तर? एखादीनं फोन उचलला नसता तर?

हे मी बाबांसमोरच बोलले, की एखादीनं फोन उचलला नसता तर काय बिघडलं असतं. बाबा उठून बाहेर गेले. बाबांना माझं रडणं पाहवत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मामा आले होते. जळगावचे लोक रविवारी पाहायला येतो म्हणतात. मी आतल्या खोलीत होते. मला वाटलं आता माय हो म्हणणार. माझ्यात भांडायची ताकद नव्हती. खरं सांगते, मी हो म्हणूनही टाकलं असतं.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तो जुना, मोठा आवाज. "माह्या पोरीले कोणी पाहाले येणार नाही. ती पुढच्या साली परीक्षा देईन. त्याच्या पुढच्या साली बी देईन. मी जिता हाय तोवर देईन!"

मामा म्हणाले, "दाजी, पोरीच्या नशिबातच नसन तं?"

"नशिबाचं नाव घेऊ नको," बाबा म्हणाले. "पोरीच्या नशिबात होतं."

मायनं एरवी भावाची बाजू घेतली असती. आज म्हणाली, बरोबर बोलून राह्यले ते. मामा न जेवता गेले. मला कळेना की हसू की रडू. असा बाप कोणाला मिळतो?

रविवार, ३० नोव्हेंबर

पाच दिवस झाले. भूक लागायला लागली, म्हणजे मरत नाही मी. सकाळी उठलं की एक क्षण काही आठवत नाही, मग सगळं एकदम आठवतं. तो क्षण सोडला तर दिवस कसाबसा जातो.

पण बाबांचं काही खरं नाही. अंगानं अर्धे झालेत. ऑटोवर धूळ बसली. आज रामरावकाका ओट्यावर येऊन सगळ्यांना परत तीच गोष्ट सांगायला लागले, फोन तीनदा वाजला तरी गोकुळनं कसं तोंड उघडलं नाही. बाबा हात जोडून म्हणाले, "काका, पाया पडतो, ते नका सांगू." स्वतःची स्तुती त्यांना आता चालत नाही. पूर्वी किती आवडायची!

संध्याकाळी ते एकटेच पायरीवर बसले होते. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, बाबा, तुम्ही किती जिवाला लावून घेता? तुमचं काही कमी पडलं का? पंचेचाळीस किलोमीटर चाललात, शब्द काढला नाही. यादीच तीनवर थांबली त्याला तुम्ही काय करणार? फोन तर आलाच नाही. आला असता तर तुम्ही उचललाच असता ना.

बाबांनी माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. "मंजू," म्हणाले. "मंजू, मी..." आणि पुढं काही आलंच नाही. मग माझ्या हातावर डोकं टेकून रडले, लहान मूल रडतं तसं, हुंदके देत. बाबांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. माय आतून धावत आली. मला वाटलं त्यांना समजावेल, पण ती माझ्याचकडं पाहत म्हणाली, "तू आत जा बाई. आता काही बोलू नको."

आत येऊन हे लिहितेय. बाहेर अजून दोघं तशीच बसलीत.

मी एक ठरवलंय. पुढच्या वर्षी मीही पायी जाईन, बाबांच्या सोबत. घरून निघाल्यापासून दर्शनापर्यंत मीही एक अक्षर बोलणार नाही. या वेळी बाबा एकटेच होते, म्हणून कमी पडलं असेल. उद्या सकाळी त्यांना सांगते. ऐकून बरं वाटेल त्यांना.